दुसरी सही : आणीबाणी, विवेक आणि मराठी कथा

अन्यायी राजवटीवरच्या मराठी लेखनात जुलूम करणारा आणि सोसणारा ठळक असतो. मधला, वरचा हुकूम येताच सही करणारा किंवा गप्प राहणारा माणूस पुसट राहतो. कीचकाच्या कथेआडून व्हाइसरॉयवर रोख धरणारे ‘कीचकवध’ हे १९०७ चे नाटक इंग्रज सरकारने १९१० साली बंद केले. कीचक कोण, हे प्रेक्षकांना नेमके कळत होते. पण भर दरबारात द्रौपदीला लाथ बसली तेव्हा गप्प राहिलेला विराट राजा आपल्या विषयाला जास्त जवळचा आहे.

त्या विराटाला आणीबाणीत हजारो टेबले मिळाली. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ हे एकवीस महिने कागदावर चालले. मिसा या विनाचौकशी स्थानबद्धतेच्या कायद्याच्या कलम १६-अ खाली अधिकाऱ्याने ‘आणीबाणीच्या दृष्टीने स्थानबद्धता आवश्यक’ असे जाहीर केले की अटकेची कारणे सांगायची गरज उरत नसे. या घोषणेचा पंधरा दिवसांत सरकारने आढावा घ्यायचा आणि पुढे जास्तीत जास्त चार महिन्यांच्या अंतराने फेरविचार करायचा. कथाकाराने हा क्रम नीट पाहावा. पहिली सही घाईत, वरच्या फोनवर झाली असे म्हणता येते. दुसऱ्या सहीची, म्हणजे फेरविचाराची टिपणी थंड डोक्याने लिहावी लागते, आणि तोवर अटकेतल्या माणसाची बायको कचेरीत दोनदा येऊन गेलेली असते. नव्या लेखकांच्या कथा बहुधा पहिल्या सहीवरच संपतात, म्हणून त्यातला कारकून बिचारा वाटतो.

लेखकांनी त्या काळात कसे वागायचे, यावर सर्वात जास्त वाद झाला तो कराडच्या संमेलनावरून. डिसेंबर १९७५ मध्ये तिथे मराठी साहित्य संमेलन भरले. केंद्रातले ज्येष्ठ मंत्री हजर होते. अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी आजारी विरोधी नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सर्वांना उभे राहून प्रार्थना करायला लावले. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. अशा काळात संमेलनाला जायचेच कशाला, असे विचारणारे होते. आमच्या मते संमेलनाला जाणे टाळले असते तर आणीबाणीचा प्रश्न हजारो लोकांसमोर उभाच राहिला नसता. मात्र जाणारा प्रत्येक जण त्यामुळे निर्दोष ठरत नाही. सरकारी नोकरीतला प्राध्यापक सगळ्यांबरोबर उभा राहिला आणि सोमवारी वर्गात त्याबद्दल अक्षर बोलला नाही, तर त्याचे काय? त्या मांडवातली खरी कथा त्याची आहे.

‘तेव्हा दुसरे काही शक्यच नव्हते’ हे पात्राच्या तोंडी शोभते, निवेदकाच्या नाही. फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका छोट्या मासिकाच्या संपादकाच्या बाजूने, सेन्सॉरच्या विरोधात निकाल दिला. स्थानबद्धांना न्यायालयाचे दार उघडे आहे असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते बंद केले. तो एक विरोधी न्यायाधीश पुढे सरन्यायाधीशपदाला मुकला. बहुमताचा निकाल २०१७ साली त्याच न्यायालयाने चूक ठरवला.

मिसा १९७८ मध्ये रद्द झाला, सह्या करणारे मात्र नोकरीत राहिले. तुरुंगात गेलेल्यांनी आठवणी लिहिल्या. सही करणाऱ्यांनी फारच थोड्या. तेवढी जागा कथेने भरायची आहे.