रोजगाराची पातळी

काम करण्यास सक्षम व इच्छुक असलेल्यांपैकी किती जणांना प्रत्यक्ष काम मिळते, यावरून ठरणारे परिमाण. मजुरीचे दर लवचिक असले, की बेकारी फार काळ टिकत नाही, असे सनातन (म्हणजे केन्सपूर्व, अभिजात परंपरेतील) अर्थशास्त्रज्ञ मानत. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३६ मध्ये हे मत खोडून काढले. रोजगार परिणामकारक मागणीवर, म्हणजे प्रत्यक्ष खर्चाने होणाऱ्या एकूण मागणीवर अवलंबून असतो, ही त्यांची मांडणी औद्योगिक देशांना बरीचशी लागू पडते. भारतात मात्र शेतमालाचा पुरवठा ताठर (सहज न वाढणारा) असल्याने मागणी वाढली, तरी रोजगाराऐवजी भावच चढतात, असा आक्षेप अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ मध्ये घेतला.

शेतीत छुपी बेकारी, म्हणजे काढून घेतले तरी उत्पादन घटणार नाही असे अतिरिक्त श्रम, कितपत आहे, हा वाद जुना आहे. अर्थशास्त्रज्ञ लुइस यांचे १९५४ मधील विकासाचे प्रतिमान अतिरिक्त श्रमाच्या गृहीतावर उभे आहे. हे गृहीत तपासण्यासाठी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ शुल्ट्स यांनी भारतातील १९१८-१९ ची इन्फ्ल्यूएंझाची साथ निवडली. शेतीतील मनुष्यबळ सुमारे आठ टक्क्यांनी घटले. पेरा (लागवडीखालील क्षेत्र) १९१६-१७ च्या तुलनेत १९१९-२० मध्ये ३.८ टक्क्यांनी कमी झाला. माणसे खरोखरच अतिरिक्त असती, तर पेरा घटलाच नसता, असा त्यांचा निष्कर्ष. यावर अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये हरकत घेतली. साथीत सर्व कुटुंबांची सारखीच हानी झाली नव्हती; एका घरचे कर्ते हात गेले, म्हणून शेजारच्या घरचे जादा हात लगेच त्या रानात राबू लागतील, असे होत नाही. हा आक्षेप अधिक पटण्यासारखा आहे. मात्र त्याने शुल्ट्स यांची कसोटी अपुरी ठरते, अतिरिक्त श्रम सिद्ध होत नाहीत.

मोजणीच्या पद्धतीनेही आकडे हलतात. बेकारीच्या अंदाजांसाठी नेमलेल्या दांतवाला समितीच्या १९७० मधील अहवालानंतर बेकारी मोजताना एकाच निकषावर विसंबणे मागे पडले. सध्याच्या श्रमशक्ती पाहणीत घरच्या शेतात खुरपणी करणारी सून पैसा हाती न येताही ‘कामकरी’ धरली जाते. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. या वाढीत स्वयंरोजगार व घरच्या शेती-धंद्यातील बिनपगारी मदतीचा वाटा मोठा असल्याने तिला निव्वळ मागणीवाढीचे लक्षण मानणे धाडसाचे होईल. याच काळात एकूण रोजगारातील शेतीचा हिस्साही ४४.१ वरून ४६.१ टक्क्यांवर गेला.

दुष्काळात सरकारी कामे काढून रोजगार टिकवण्याचा मार्ग महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने पक्का केला.