'आपण'चं 'आम्ही' कधी होतं?

मराठीत एक सोय आहे जी इंग्रजीत नाही. 'आपण जाऊ' म्हटलं की ऐकणारा सोबत आला, 'आम्ही जाऊ' म्हटलं की तो मागे राहिला. देशावर मोठा आघात होतो तेव्हा लोकांच्या मनात काय होतं हे समजायला मला हे दोन शब्द फार उपयोगी वाटतात, कारण आधी सगळा देश 'आपण' होतो आणि मग त्यातून कोणालातरी हळूच बाहेर काढलं जातं.

११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १०८४ लोकांच्या ऑनलाइन डायऱ्या तपासल्या, हल्ल्याआधीचे दोन महिने आणि नंतरचे दोन. शब्द मोजायचं काम कॉम्प्युटरने केलं. हल्ला झाल्या झाल्या दुःखाचे, रागाचे शब्द वाढले, इतर माणसांचे उल्लेखही वाढले, म्हणजे लोक एकमेकांबद्दल, एकमेकांशी जास्त बोलत होते. पण किती दिवस? दोन आठवड्यांत मूड आणि हे उल्लेख दोन्ही पुन्हा पहिल्या पातळीवर आले. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा थबकलोच, एवढं मोठं दुःख आणि फक्त दोन आठवडे!

याच पेनेबेकरांनी त्याआधी १९८९च्या सॅन फ्रान्सिस्को भागातल्या भूकंपानंतरही लोकांना गाठलं होतं. पहिले तीन-चार आठवडे जो तो भूकंपाबद्दलच बोलत होता. नंतर बोलणं आटलं, पण मनातले विचार तेवढे आटले नाहीत, आणि नेमक्या याच काळात भूकंपाची स्वप्नं वाढली, अस्वस्थताही वाढली. तेव्हा तिथे 'तुमचा भूकंपाचा अनुभव सांगितला नाहीत त्याबद्दल आभारी आहे' अशा अर्थाचे टी-शर्टसुद्धा दिसायला लागले होते. म्हणजे सांगायचं प्रत्येकाला होतं, ऐकायला कोणी तयार नव्हतं.

राजकारणात हा काळ वेगळा दिसतो. अमेरिकन राजकीय अभ्यासक जॉन म्यूलर यांनी १९७०मध्येच दाखवून दिलं होतं की बाहेरून संकट आलं की लोक नेत्याभोवती गोळा होतात. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या कामावर खूश असलेले लोक ११ सप्टेंबरच्या हल्ल्याआधी ५१ टक्के होते, दोन आठवड्यांच्या आत ९० टक्के झाले. तोच माणूस, तेच काम. पण त्याच वर्षी एफबीआयच्या नोंदीत मुस्लिमांविरुद्धच्या द्वेषाच्या गुन्ह्यांच्या घटना २८ वरून ४८१ वर गेल्या. 'आपण' म्हणणाऱ्या देशात 'आम्ही आणि ते' इतक्या लवकर आलं!

पण लोक नेत्यामागे उभे राहतातच असं नाही. स्पेनमध्ये ११ मार्च २००४ला माद्रिदच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, सुमारे १९० माणसं गेली, आणि तीन दिवसांवर निवडणूक होती. सरकारने ईटीए या, बास्क प्रदेशासाठी वेगळा देश मागणाऱ्या सशस्त्र संघटनेकडे बोट दाखवलं, पुरावे मात्र दुसरीकडे, जिहादी गटाकडे जायला लागले, लोकांना वाटलं आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय, आणि सरकार पडलं. माझ्या मते शोकात असलेले लोक बाकी खूप काही माफ करतात, पण फसवणूक नाही.

नॉर्वेत २२ जुलै २०११ला एका उजव्या अतिरेक्याने ७७ जणांना मारलं, त्यातली बरीचशी कोवळी मुलं होती, राजकीय शिबिराला आलेली. पंतप्रधान स्टोल्टेनबर्ग म्हणाले की याला उत्तर म्हणून आपण जास्त लोकशाही, जास्त मोकळेपणा आणू, पण भोळेपणा नाही. तिसऱ्या दिवशी ऑस्लोत माणसांचा समुद्र गुलाबाची फुलं घेऊन रस्त्यावर आला, आणि नंतरच्या पाहणीत लोकांचा एकमेकांवरचा विश्वास कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला दिसला. मारणारा त्यांच्यातलाच होता, तरी त्यांनी 'आपण' मोडू दिलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

आणि मूड ओसरला तरी त्या मूडमध्ये घेतलेले निर्णय ओसरत नाहीत. अमेरिकेचा पेट्रियट ऍक्ट हा कायदा ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ४५ दिवसांत सही होऊन लागू झाला, सिनेटमध्ये ९८ विरुद्ध १ मतांनी, सरकारला पाळत ठेवायचे मोठे अधिकार देऊन. त्यातली बरीच कलमं तात्पुरती होती, काही वर्षांत आपोआप संपणार होती. २००६च्या मार्चमध्ये त्यातली बहुतेक कायमची केली गेली. तेव्हा बुश यांना पसंती देणारे लोक ४० टक्क्यांच्याही खाली आलेले होते.