एकच पत्ता, सोळा फोन

गणपतीत आमच्या मालवणजवळच्या घरी माणसं मोजायच्या फंदात कुणी पडत नाही. फोन मात्र मोजता येतात. यंदा राउटरच्या, म्हणजे घरभर इंटरनेट वाटणाऱ्या डब्याच्या, यादीत सोळा होते. आत्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "इतक्या फोनांक पुरतला काय रे ता?" दुसऱ्या दिवशी मुंबईचा पुतण्या धावत पडवीत आला. ‘माझा आयपी पत्ता काय’ हे सांगणारी वेबसाइट त्याने चार फोनांवर उघडली होती आणि चारही फोनांवर एकच आकडा येत होता. "काका, कुणीतरी आपले फोन क्लोन केलेत!"

क्लोन वगैरे काही नव्हतं. आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवर उत्तर कुठे पाठवायचं ते सांगणारा आकडा. म्हटलं, अरे, तो आकडा फोनचा नाहीच, घराचा आहे.

आयपी पत्त्यांची जुनी पद्धत, म्हणजे आवृत्ती 4, ही 32 बिटांची, म्हणजे 0 किंवा 1 च्या 32 घरांची. 2 चा 32 वा घात केला की जेमतेम 429 कोटी पत्ते होतात. वाटपासाठी जागतिक पातळीवर शिल्लक असलेले त्यांचे शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी 2011 मध्ये संपले. तरी इंटरनेट चालू राहिलं ते 1994 साली कागदावर आलेल्या एका जुगाडामुळे. त्याचं नाव नॅट, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल.

गिरणगावातली गाववाल्यांची खोली ज्यांनी ऐकून-पाहून ठेवली आहे त्यांना नॅट शिकवावा लागत नाही. खोली एक, पाळीपाळीने झोपणारे चाकरमानी अनेक आणि पोस्टाचा पत्ता सगळ्यांचा एकच. पत्र कुणाचं, ते वरच्या नावावरून कळायचं. राउटर नावाऐवजी आकडा वापरतो. त्याला पोर्ट म्हणतात आणि तो 0 ते 65,535 पर्यंत कुठलाही असू शकतो.

समजा, पुतण्याच्या फोनला राउटरने 192.168.1.5 हा घरगुती पत्ता दिलाय. असे पत्ते 1996 पासून खासगी वापरासाठी राखलेले आहेत. तुमच्या घरीही हाच पत्ता असू शकतो, कारण उंबऱ्याबाहेर त्याला किंमत नाही. फोन माहितीचं एक पाकीट पाठवतो, त्यावर ‘प्रेषक: 192.168.1.5, पोर्ट 51034’. राउटर प्रेषकाचा पत्ता खोडून घराचा बाहेरचा पत्ता लिहितो, तपासणीचा चेकसम नव्याने काढतो आणि आपल्या वहीत नोंद करतो: 51034 म्हणजे पाच नंबरचा फोन. उत्तर आलं की वही बघून उलट खाडाखोड. त्याच क्षणी आत्याच्या फोननेही नेमका 51034 निवडला तर? राउटर तिच्या पाकिटावर 51035 टाकतो आणि तशी नोंद करतो. आत्याच्या फोनला याचा पत्ताही लागत नाही. पाकिटं सेकंदाला हजारो असली तरी हे प्रत्येकासाठी होतं. मला तर या वहीपुढे वायफाय किरकोळ वाटतं.

वहीत नोंद नसलेलं पाकीट बाहेरून आलं तर राउटर ते टाकून देतो. काही वेळ दोन्हीकडून शांतता असली की नोंद पुसतोही. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर असं, की पत्ता सोळांना पुरतो, वेग मात्र वाटून घ्यावा लागतो.

जोडणी सोपी आहे. बाहेरून आलेली वायर ‘वॅन’ लिहिलेल्या, सहसा वेगळ्या रंगाच्या खाचेत घालायची, आणि राउटरचा मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलायचा. आमच्याकडे घोळ झाला तो जागेवरून. वास्तू बघणाऱ्या एका पाहुण्याने "विजेच्या वस्तू आग्नेयेला" असं सांगितल्यामुळे राउटर स्वयंपाकघरात गेला, तोही पाण्याने भरलेल्या तांब्याच्या हंड्यामागे. तांबं रेडिओलहरी परतवतं, पाणी शोषतं, आणि पुढे चिऱ्याची जाडजूड भिंत. पडवीत रेंज येणार कशी? राउटर माजघरात उंचावर ठेवला आणि आग्नेय दिशेचा कोप काही झाला नाही. राउटरवर कुणीतरी ‘रेडिएशन शोषणारा’ स्टिकरही चिकटवला होता. तो खरंच लहरी शोषत असता तर वायफाय बंद पडलं असतं, एवढा विचार विकत घेणाऱ्याने करायला हरकत नव्हती.

संध्याकाळी पुतण्याने राउटरचं पान उघडलं आणि मला गप्प केलं. "काका, घराचा पत्ता म्हणालात ना? इथे 100.72 ने सुरू होणारा आहे, वेबसाइट वेगळाच दाखवते." बरोबर होतं त्याचं. 100.64 पासून 100.127 पर्यंतचे पत्ते 2012 साली इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखले गेले. म्हणजे आमच्या राउटरच्या वहीवर कंपनीची आणखी मोठी वही आहे. वेबसाइटवरचा आकडा आमच्या घराचाही नव्हे. त्यामागे आणखी किती घरं असतील, कोण जाणे.

कलमांच्या बागेतला कॅमेरा मुंबईतून थेट का उघडत नाही, हे मला तेव्हा लख्ख कळलं. आमच्या राउटरवर वाट उघडून ठेवली होती, पण मुंबईहून आलेलं पाकीट तिथवर पोचतच नव्हतं, वरच्या वहीपाशीच टाकलं जात होतं. आता कॅमेराच आधी बाहेरच्या सर्व्हरला पाकीट धाडतो, म्हणजे दोन्ही वह्यांत नोंद होते, आणि ती पुसली जाऊ नये म्हणून थोड्या थोड्या वेळाने पुन्हा धाडत राहतो.