सेव्हचा नियम आणि होल्ट्झमन यांच्या माथी आलेला दोष

जेरोम होल्ट्झमन 1943 साली शिकागोच्या एका दैनिकात कॉपीबॉय म्हणून लागले. मधली दोन वर्षं मरीन दलात गेली. परतल्यावर शालेय स्पर्धांच्या बातम्या देण्यात दशकभराहून जास्त काळ गेला आणि 1957 मध्ये बेसबॉलचं बीट हाती आलं. ते त्यांनी पुढे चार दशकं सांभाळलं. 1981 मध्ये ते शहरातल्याच प्रतिस्पर्धी दैनिकात गेले. सहकारी त्यांना ‘डीन’ म्हणत.

आज मात्र त्यांचं नाव निघतं ते सेव्हमुळे, म्हणजे संघाची आघाडी शेवटपर्यंत राखणाऱ्या बदली पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) नावे लागणाऱ्या आकड्यामुळे, आणि बऱ्याचदा दोष देण्यासाठीच.

1959 च्या मोसमात पिट्सबर्गच्या एका रिलिव्हरच्या, म्हणजे सामना सुरू असताना येणाऱ्या बदली पिचरच्या नावावर 18 विजय आणि अवघा 1 पराभव लागला. सगळीकडे त्याचंच कौतुक. होल्ट्झमन यांनी खोलात जाऊन पाहिलं, तर त्यातले काही विजय भलतेच निघाले. हा पिचर आला तेव्हा संघ पुढे होता, त्यानेच आघाडी घालवली, मग त्याच्या फलंदाजांनी सामना खेचून आणला आणि विजय याच्या खात्यात जमा झाला. उलट शिकागोचे रिलिव्हर आघाडी राखायचे, तरी त्यांच्या नावापुढे काहीच पडायचं नाही. रोज प्रेस बॉक्समध्ये बसून स्कोअर लिहिणाऱ्याला हा अन्याय खुपणारच.

म्हणून 1960 पासून त्यांनी एका क्रीडा साप्ताहिकात नवा हिशेब मांडायला सुरुवात केली. त्यांची अट कडक होती: ज्याच्या रनने बरोबरी होईल किंवा प्रतिस्पर्धी पुढे जाईल असा खेळाडू बेसवर असताना किंवा बॅटिंगला उभा असताना रिलिव्हरने सामना राखायचा, नाहीतर दोन रनांच्या आघाडीवर शेवटची इनिंग एकालाही बेसवर न जाऊ देता संपवायची. सेव्हला धोक्याची अट होती, हे विसरून चालणार नाही.

1969 मध्ये सेव्ह अधिकृत झाला, 1920 मधल्या आरबीआयनंतरचा (फलंदाजाने मिळवून दिलेल्या रनांच्या हिशेबानंतरचा) पहिलाच नवा आकडा. पण नियम करणाऱ्यांनी धोक्याची अटच काढून टाकली. आघाडी कितीही मोठी असो, ती शेवटपर्यंत टिकली की सेव्ह. पुढे नियम आवळला गेला आणि 1975 मध्ये पुन्हा सैल झाला: तीन रनांची आघाडी, एक इनिंग, झाला सेव्ह. सध्याचा नियम हाच.

1980 च्या दशकाअखेर ओकलंडच्या मॅनेजरने आपला क्लोजर, म्हणजे शेवटी आघाडी राखायला येणारा रिलिव्हर, जवळपास फक्त नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगसाठी राखून ठेवला, बाकीच्यांनी तोच कित्ता गिरवला. सातव्या इनिंगला बेस भरलेले असताना सर्वांत चांगला पिचर बुलपेनमध्येच (राखीव पिचरांच्या जागेत) बसून राहतो, तो आकड्याच्या मोहापायी, अशी टीका तेव्हापासून होते आणि ती रास्त आहे. पण तिचा रोख 1969 आणि 1975 च्या निर्णयांवर हवा. होल्ट्झमन यांच्या मूळ अटीत इनिंगच्या सुरुवातीची तीन रनांची आघाडी बसतच नव्हती.

1999 मध्ये अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलने त्यांना आपला पहिला अधिकृत इतिहासकार नेमलं. जुलै 2008 मध्ये ते वारले. त्याच मोसमात एका क्लोजरने 62 सेव्हचा विक्रम केला, 1975 च्याच नियमाने मोजलेला.