नाटकाला दाद की विषयाला?

कृत्रिम बुद्धिमत्तेवरचं एखादं नवं नाटक संपलं की बाहेर पडणाऱ्यांच्या गप्पा कान देऊन ऐकाव्यात. 'जबरदस्त झालं' असं दोघं म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात दोघांच्या वाटा फुटतात. एकाला आता कोणाकोणाच्या नोकऱ्या जाणार याची चिंता लागलेली असते. दुसरी अजून नायिकेपाशीच अडकलेली असते, कारण शेवटच्या प्रवेशात यंत्र बंद करायला उचललेला हात त्या नायिकेने मागे का घेतला, हे तिला उलगडत नसतं. पहिली दाद विषयाला आहे, दुसरी नाटकाला. टाळ्या मात्र दोघांनी सारख्याच वाजवलेल्या असतात. त्यामुळे प्रयोग रंगला एवढंच कळतं, नेमकं काय रंगलं ते कळत नाही.

युद्धावरच्या किंवा आजारपणावरच्या नाटकातही अशी सरमिसळ होते. या विषयात ती जास्त होते, कारण प्रेक्षक अर्धी प्रतिक्रिया घरूनच घेऊन आलेला असतो. त्यात भीती असते, कुतूहल असतं, दुपारीच कुठल्याशा चॅटबॉटशी घातलेली हुज्जत असते. रंगमंचावरच्या पात्राने मोबाइलला काही विचारलं आणि मोबाइलने अतिनम्रपणे चुकीचं उत्तर दिलं, की हशा ठरलेला. तो हशा त्या वाक्याने कमावलेला नसतो, 'हे माझ्याही बाबतीत झालंय' या ओळखीतून आलेला असतो. त्यात वाईट काही नाही. फक्त लेखकाने तो आपल्या खात्यावर जमा धरू नये.

ही गल्लत शंभर वर्षं जुनी आहे. झेक लेखक कारेल चापेक यांचं 'आर. यू. आर.' हे नाटक प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात २५ जानेवारी १९२१ रोजी रंगमंचावर आलं आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत न्यूयॉर्क आणि लंडनपर्यंत पोचलं. त्यातले रोबो लोखंडी नाहीत. रासायनिक प्रक्रियेतून घडवलेले, दिसायला हुबेहूब माणसांसारखे ते कामगार आहेत. कारखान्यात त्यांचं उत्पादन होतं, जगभर विक्री होते आणि शेवटी ते माणसांवर उलटतात. लंडनमध्ये १९२३ साली या नाटकावर जाहीर चर्चा झाली, तीत बर्नार्ड शॉ आणि जी. के. चेस्टरटन हे नामवंत लेखकही बोलले. चापेक यांना मात्र रोबोंभोवतीच फिरणारी ही चर्चा खटकली आणि त्यांनी त्याच वर्षी लंडनच्या एका साप्ताहिकात लेख लिहून आपली बाजू मांडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, लेखक म्हणून त्यांना रोबोंपेक्षा माणसांत जास्त रस होता. कारखान्याचा संचालक डोमिन मानतो की यंत्रांमुळे माणूस कष्टांतून सुटेल. बांधकामप्रमुख आल्क्विस्टला वाटतं की याच सुखामुळे माणूस बिघडेल. चापेक यांच्या मते दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि झगडा दोन सत्यांमधला आहे.

तक्रार रास्तच होती. तरी थोडा दोष चापेक यांच्याकडेही जातो असं मला वाटतं. बंड करून उठलेल्या कृत्रिम माणसांची फौज रंगमंचावर आणायची आणि प्रेक्षकाने मात्र संचालकाची वैचारिक भूमिका तपासत बसावं, ही अपेक्षा जरा जास्तच झाली. पण पुढे काय झालं बघा. रोबो बनवायची ती रासायनिक रीत आज कोणाला पटणार नाही, म्हणजे विषयाची धार त्या बाजूने गेलीच. प्रायमस आणि हेलेना हे दोन रोबो एकमेकांना वाचवण्यासाठी स्वतः मरायला तयार होतात, तो शेवटचा प्रवेश मात्र आजही पोचतो.

मग प्रेक्षागृहात बसल्या बसल्या या दोन प्रतिक्रिया वेगळ्या ओळखायच्या कशा? मला सगळ्यात भरवशाची खूण वाटते ती प्रतिक्रिया कुठल्या क्षणी येते ही. विषयाची प्रतिक्रिया माहितीवर येते, नाटकाची कृतीवर. अमेरिकन नाटककार जॉर्डन हॅरिसन यांचं 'मार्जरी प्राइम' घ्या. २०१४ मध्ये रंगमंचावर आलेलं हे नाटक २०१५ च्या पुलित्झर पारितोषिकाच्या अंतिम फेरीत होतं. पंच्याऐंशी वर्षांच्या, आठवणी पुसट होत चाललेल्या मार्जरीसमोर तिच्या दिवंगत नवऱ्याचं तरुण रूप घेतलेलं यंत्र बसलेलं आहे. ते आपण समजतो तो माणूस नव्हेच, हे कळतं तेव्हा अंगावर येणारा शहारा विषयाचा. त्या यंत्राला सांगाल तेवढंच ठाऊक असतं. मग मार्जरी सुचवते की ज्या संध्याकाळी त्याने तिला लग्नाचं विचारलं त्या संध्याकाळी पाहिलेला सिनेमा बदलून टाकू, पुढच्या वेळी जास्त चांगला सिनेमा सांगू. नुसतं वाचतानाही इथे हसू येतं आणि मध्येच अडखळतं. स्वतःचा भूतकाळ दुरुस्त करून घेणारी बाई समोर आहे, आणि तिला अडवावं की साथ द्यावी हे आपल्याला ठरवता येत नाही. ते अडखळणं संपूर्णपणे नाटकाचं आहे. यंत्राची माहिती बातमीतही मिळाली असती, मार्जरीची ही लबाडी मिळाली नसती.

नापसंतीलाही हाच हिशेब लागू पडतो. 'भाषेची मॉडेल्स (चॅटबॉटमागचं, मजकूर तयार करणारं तंत्र) अशी चालतच नाहीत' हा आक्षेप विषयावरचा. तो शंभर टक्के खरा असला तरी त्याने नाटक पडत नाही. चापेक यांचं रसायनशास्त्र तरी कुठे तपासणीला टिकणार होतं? 'एवढी संशयी बाई त्या यंत्राला घरातली सगळी गुपितं सांगेलच कशी' हा आक्षेप मात्र नाटकाच्या मुळावर येतो. संगणक क्षेत्रातली मंडळी पहिला आक्षेप फार हिरिरीने घेतात. त्यांचं ऐकावं, आणि संहितेत लगेच पेन्सिल चालवू नये.

नाटक यंत्रानेच लिहिलंय म्हटल्यावर तर विषय सगळी जागा व्यापतो. 'आर. यू. आर.'च्या शताब्दीचं निमित्त साधून प्रागमध्येच चार्ल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी श्वांडा थिएटरच्या साथीने असा प्रयोग केला. जीपीटी-२ या भाषेच्या मॉडेलकडून संवाद लिहवून घेतले. २६ फेब्रुवारी २०२१ ला, कोविडच्या काळात, तो ऑनलाइन सादर झाला. संवादांतला बहुतांश मजकूर यंत्राचा, पण प्रसंगांची सुरुवात करून देणं, निवड आणि काटछाट माणसांची. अनेक पात्रांची मोट बांधणं त्या मॉडेलला झेपत नव्हतं, म्हणून प्रसंग दोन-दोन पात्रांचे ठेवले. असं नाटक बघताना प्रेक्षक प्रत्येक वाक्यात लेखकाला हुडकत बसतो. संवाद भरकटला तर 'यंत्राचं आहे ना' म्हणून सूट मिळते, बरा जमला तर आश्चर्याची जादा दाद मिळते. हाडामांसाच्या लेखकाला एवढ्या सवलती कोण देणार!

उलटी फसगतही होते. जपानमध्ये नाटककार ओरिझा हिराता यांनी २०१० साली 'सायोनारा' या छोट्या नाटकात रोबोतज्ज्ञ हिरोशी इशिगुरो यांनी बनवलेल्या अँड्रॉइडला, म्हणजे माणसासारख्या दिसणाऱ्या रोबोला, भूमिका दिली. दुसरी भूमिका खऱ्या अभिनेत्रीची. पण त्या अँड्रॉइडच्या आवाजामागे आणि हालचालींमागेही माणूसच होता, पडद्याआडून चालवणारा. 'यंत्र काय बोलतं!' असं वाटून दिलेली दाद तिथे बऱ्याच अंशी अभिनयालाच पोचत होती, फक्त पत्ता चुकीचा होता. पापणी न लवता यंत्राची भूमिका करणाऱ्या नटाचं कौतुक हा याचाच धाकटा भाऊ. कसब खरंच, पण पापणी लवली नाही म्हणून प्रसंग उभा राहतो असं नाही.

विषयाची दाद आणि नाटकाची दाद वेगळी काढायची ती तालमीसाठी, नाटकात काय बदलायचं ते कळावं म्हणून. प्रयोगानंतर चर्चा ठेवतात तेव्हा दिग्दर्शकाच्या शेजारी एखादा तंत्रज्ञ बसवायची पद्धत पडली आहे, आणि प्रश्नांचा ओघ त्याच्याकडेच जातो. खरं तर तसे प्रश्न लगेच सुचतात आणि मांडायलाही सोपे असतात. पात्राविषयीचा प्रश्न मनात जुळून यायला दोन दिवस लागतात, तोवर चर्चा आटोपलेली असते. निर्माते मात्र त्या प्रश्नांवरून ठरवतात की लोकांना तंत्र नीट समजलं नाही, आणि पुढच्या प्रयोगांत दुसऱ्या अंकात समजावून सांगणारं एक भाषण वाढतं. प्रेक्षक तिथे खुर्चीत चुळबुळ करायला लागतात. मग त्या चुळबुळीचंही खापर विषय अवघड असल्यावर फुटतं.