पार्श्वभूमी: हायस्कूलच्या खेळांची राज्य संघटना नेमकी कुणाची?

अमेरिकेतल्या आपल्या मराठी आईबापांची आणि हायस्कूलच्या खेळांच्या राज्य संघटनेची पहिली गाठ बहुतेक वेळा घर बदलल्यावर पडते. मुलगी नव्या शाळेत जाते, टेनिसच्या टीममध्ये निवड होते, आणि मग एक फॉर्म हातात येतो: जुना पत्ता, नव्या घराचं भाडेपत्र नाहीतर लाइट बिल, आईवडील दोघंही इथेच राहायला आलेत का, जुन्या शाळेची सही. कागद पटले नाहीत तर बऱ्याच राज्यांत वर्षभर मुख्य टीमकडून खेळता येत नाही. शाळा सरकारी, पण हा फॉर्म सरकारचा नाही, आणि सगळा गुंता इथेच आहे.

आपल्याकडे शालेय स्पर्धा म्हटलं की जिल्हा क्रीडा अधिकारी आला, तालुका-जिल्हा-विभाग-राज्य ही साखळी आली, सगळं सरकारी खात्याचं. तिकडे बहुतेक राज्यांत असं खातंच नाही. शाळांनी एकत्र येऊन काढलेली संस्था, शाळाच तिच्या सभासद, त्यांचेच प्रिन्सिपल आणि सुपरिंटेंडंट (त्या भागातल्या सरकारी शाळांचे प्रमुख) तिच्या मंडळावर. पैसा मुख्यतः राज्य अजिंक्यपदाच्या तिकिटांतून.

सुरुवात 1890 च्या दशकातली. तेव्हा सामने पोरंच ठरवायची आणि टीममध्ये कोण उतरेल याचा नेम नव्हता, शाळेत नाव नसलेले गडी खेळायचे, कधी कधी तर मास्तरच मैदानात. हे थांबवायला हेडमास्तर मंडळी एकत्र आली, विस्कॉन्सिनमध्ये आधी, मग इलिनॉयमध्ये 1900 ला, इंडियानात 1903 ला. आजचे वयाचे, मार्कांचे, आठ सेमिस्टरचे (म्हणजे हायस्कूलची चार वर्षंच खेळायचं, पुढे नाही) नियम त्याच भीतीतून आलेत की बाहेरचा कुणी घुसेल. 1920 मध्ये मिडवेस्टच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागातल्या, काही राज्यांनी शिकागोत बैठक घेतली, त्यातून राष्ट्रीय महासंघ उभा राहिला, पण तो खेळांची नियमपुस्तकं काढतो, राज्यांना हुकूम देऊ शकत नाही.

टेक्सासची गोष्ट थोडी वेगळी. तिथे 1910 ला सुरुवात झाली ती वादविवाद स्पर्धेपासून, खेळ नंतर आले, म्हणूनच तिथे आजही बँड, नाटक, वक्तृत्व, गणित सगळं एकाच छत्राखाली आहे. पण ते छत्र सगळ्यांसाठी नव्हतं. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांना वेगळी लीग चालवावी लागली, 1920 पासून थेट 1970 पर्यंत. 'सभासद कोण ते आम्ही ठरवू' या वाक्याचा अर्थ तेव्हा काय होता, ते इथे दिसतं.

आणि अशा संघटनांचं 'आम्ही खासगी संस्था आहोत' हे वाक्य टेनेसीत कोर्टात गेलं.

1997 चा वसंत. नॅशव्हिलजवळच्या एका खासगी शाळेच्या फुटबॉल कोचने आठवीतल्या काही मुलांना पत्र पाठवलं, प्रॅक्टिस सुरू होतेय, लवकर याल तर तुमचाच फायदा, आणि खाली सही 'तुमचा कोच'. बस, एवढंच. या मुलांनी पुढच्या वर्षी त्या शाळेत यायच्या करारावर सह्या केलेल्या होत्या, म्हणजे घरच्यांच्या मते प्रवेश झालेला होता. पण संघटनेच्या नियमात 'प्रवेश' म्हणजे प्रत्यक्ष तीन दिवस वर्गात बसणं. त्यामुळे हे पत्र म्हणजे दुसऱ्याची पोरं पळवणं ठरलं. शिक्षा: चार वर्षं प्रोबेशन (देखरेखीखाली), फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉल टीमला दोन वर्षं प्लेऑफ बंद, वर 3,000 डॉलर दंड. मंडळावर तेव्हा सगळे सरकारी शाळांचे लोक, ही गोष्ट खासगी शाळेला किती बोचली असेल ते सांगायला नको.

शाळा कोर्टात गेली, म्हणाली आमचं भाषणस्वातंत्र्य हिरावलं. संघटना म्हणाली, राज्यघटना सरकारला बांधते, आम्ही तर खासगी. मग प्रश्न उरला 'स्टेट अॅक्टर' या शब्दाचा. यात 'स्टेट' म्हणजे टेनेसी राज्य असा भूगोल नाही, तर सरकारच्या अधिकाराने वागणारा. खासगी नोंदणी असूनही एखादी संस्था सरकारसारखीच वागत असेल तर तिला घटना लागू होते का, हा मुद्दा. आपल्याकडे हाच वाद क्रिकेट बोर्डाबद्दल झाला, आणि 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने 3 विरुद्ध 2 मतांनी सांगितलं की बोर्ड आपल्या घटनेच्या कलम 12 खाली 'राज्य' नाही.

टेनेसीच्या बाबतीत अमेरिकन सुप्रीम कोर्टाने 2001 ला उलटं सांगितलं, तेही 5 विरुद्ध 4. सभासदांपैकी 84 टक्के सरकारी शाळा, त्यांचे अधिकारी कामाच्या वेळेत येऊन हे मंडळ चालवतात, राज्य शिक्षण मंडळाचे सदस्य पदसिद्ध म्हणून बसतात, कर्मचारी राज्याच्या पेन्शन योजनेत. एवढं सगळं गुंतलेलं असताना पाटी खासगी असून काय उपयोग? विरोधी मत असं की सरकारने ही संस्था काढली नाही, नियम सरकारने लिहिले नाहीत, उद्या कुठल्याही स्वयंसेवी संस्थेला हेच लावाल. त्या भीतीत तथ्य आहे, पण राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक पोराचं खेळणं ज्याच्या हातात, त्याला घटनेबाहेर ठेवणं मला तरी पटत नाही. दुसरी संघटना निवडायची सोय त्या पोराला कुठे आहे?

पण जिंकूनही शाळा हरली. 2007 ला तीच केस पुन्हा वर गेली, आणि कोर्टाने एकमताने शिक्षा योग्य ठरवली: तुम्ही स्वखुशीने सभासद झालात, नियम मान्य केलेत, आणि कोचने मुलांना थेट गाठणं रोखल्याने भाषणस्वातंत्र्य मोडत नाही. एका पत्रासाठी दहा वर्षं. ती आठवीतली मुलं तोवर कॉलेजचं वयही ओलांडून गेली होती.

2001 च्या निकालाचा खरा उपयोग पालकांना झाला, संघटनेच्या निर्णयाविरुद्ध घटनेचा आधार घेऊन कोर्टात उभं राहता येतं. तरी जज मंडळी सहसा हात घालत नाहीत, कारण खेळणं हा हक्क नाही, ती सवलत आहे असं बहुतेक कोर्टं मानत आलीत.

अलीकडे मात्र कोर्टापेक्षा विधिमंडळांनीच जोर धरलाय. फ्लोरिडात 2016 च्या कायद्याने शाळा बदलली तरी लगेच खेळायची मुभा मिळाली, आणि 2023 ला तिथल्या संघटनेच्या मंडळावरचे बहुसंख्य सदस्य गव्हर्नरने (राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाने) नेमायचं ठरलं. म्हणजे खासगी म्हणवणाऱ्या संस्थेची सूत्रं सरळ राजकारण्यांकडे. वेस्ट व्हर्जिनियातही 2023 मध्ये एकदा विनाअट शाळा बदलायची सोय कायद्याने आली. त्यात 2021 नंतर कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची परवानगी मिळाली, ते वारं हायस्कूलपर्यंत आलं, आता बऱ्याच राज्यांत सोळा वर्षांचा पोरगा जाहिरात करू शकतो, फक्त शाळेचा लोगो आणि जर्सी वापरायची नाही.

टेनिसवाल्या मुलीचा फॉर्म अजून तसाच आहे, राज्याप्रमाणे रकाने कमीजास्त. घर बदलणार असाल तर सामान हलवायच्या आधी शाळेच्या अॅथलेटिक डायरेक्टरला (खेळ विभागाच्या प्रमुखाला) भेटा, भाडेपत्राची कॉपी जवळ ठेवा, आणि अर्ज नाकारला तर अपिलाची मुदत लेखी विचारून घ्या.