शेत आणि ओढा यांच्या मधली जागा

२ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात सूचना निघाली: नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नको. उकळल्याने पाणी आटतं, विष तेवढंच उरतं. ईरी सरोवरात माजलेल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं, म्हणजे सायनोबॅक्टेरियाचं, मायक्रोसिस्टिन हे विष नळाच्या पाण्यात सापडलं होतं. चार लाख लोकांनी ते दोन-तीन दिवस बाटलीबंद पाण्यावर काढले.

या शेवाळाला पोसतं स्फुरद, म्हणजे खतातला फॉस्फरस, आणि त्यातला मोठा वाटा सरोवराला मिळणारी मॉमी नदी शेतांमधून आणते. मग खत कमी करा, प्रश्न मिटला, असं वाटणं साहजिक आहे. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. सारखंच खत वापरणाऱ्या दोन खोऱ्यांतून नदीला मिळणारं नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद सारखं नसतं. शेत उताराच्या कुठल्या भागात आहे आणि त्याच्या नि ओढ्याच्या मध्ये काय आहे, यावर बरंच काही ठरतं.

याचा चोख हिशोब विल्यम पीटरजॉन आणि डेव्हिड कॉरेल या अमेरिकी संशोधकांनी १९८४ मध्ये मांडला. मेरीलँडमध्ये चेसापीक उपसागराजवळ त्यांनी एक छोटं पाणलोट निवडलं: वर पीक, खाली झाडी, मग ओहोळ. शेतातलं पाणी साधारण ५० मीटर झाडीतून गेल्यावर त्यात काय उरतं, हे त्यांनी वर्षभर मोजलं. झाडीच्या दर हेक्टरमागे पृष्ठभागावरून वाहणाऱ्या पाण्यातला सुमारे ४ टन गाळ अडला होता. नायट्रेटच्या रूपातलं नत्र मात्र वरच्या पाण्यातून जेमतेम २.७ किलो कमी झालं, आणि जमिनीखालून झिरपणाऱ्या पाण्यातून तब्बल ४५ किलो. खरं काम डोळ्यांआड चाललं होतं.

काठाची जमीन कायम ओली असते, तिच्यात हवा कमी आणि कुजका पाचोळा भरपूर. अशा ठिकाणी जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू होऊन हवेत निघून जातं. काही झाडंही उचलतात. स्फुरदाची तऱ्हा वेगळी. ते मातीच्या कणांना चिकटून येतं, गवता-पाचोळ्यात पाण्याचा वेग मोडला की गाळाबरोबर खाली बसतं. पण त्याला वायू होऊन सुटायची वाट नाही. ते काठावर साठत राहतं, आणि साठा फार झाला की विरघळून पुन्हा पाण्यात उतरू शकतं.

म्हणूनच ‘खोऱ्यात इतके टक्के जंगल’ हा आकडा मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. तेच जंगल माथ्यावर असेल तर शेतातून निघालेलं पाणी त्याच्या वाटेला जातच नाही. काठाने सलग पट्टी असली आणि मध्ये एखादी घळ पडली, की पावसाचं पाणी नेमकं तिथूनच धावतं. बारक्या ओहोळांच्या काठचं गवतही नांगरू नये ते यासाठीच, कारण बहुतेक पाणी आधी त्यांच्यातच उतरतं.

मॉमीच्या खोऱ्यात एके काळी हजारो चौरस किलोमीटरची ‘ग्रेट ब्लॅक स्वॅम्प’ नावाची दलदल होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर खणून आणि शेतांखाली मातीचे पाइप पुरून ती काढून टाकली. उत्तम काळी जमीन मिळाली, पण पाणी गाळणारी जागा गेली. वर ते पाइप असे, की शेताचं पाणी काठच्या गवताखालून थेट नाल्यात सोडतात. वर कितीही रुंद पट्टी राखा, पाइपातल्या पाण्याला तिचा स्पर्शही होत नाही, आणि विरघळलेलं स्फुरद त्याच वाटेने जातं.

हे आपल्याला परकं नाही. सांगली-कोल्हापूरकडे अतिपाण्याने क्षारपड झालेल्या उसाच्या जमिनी सुधारायला हीच युक्ती वापरतात: जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकायचे आणि खारं पाणी बाहेर काढायचं. त्याशिवाय ती रानं पिकणार नाहीत, हे मान्यच. पण पाइपाचं तोंड कुठे उघडतं, हेही आराखड्यातच ठरवायला हवं.

त्यावर अमेरिकेतल्याच आयोवा राज्यात बेअर क्रीक ओढ्याकाठी एक साधी तोड काढली गेली. पाइप ओढ्याला पोचण्याआधी एक पेटी बसवायची आणि तिथून पाणी काठाला समांतर पुरलेल्या दुसऱ्या सच्छिद्र पाइपात वळवायचं. म्हणजे ते पट्टीच्या मातीतून झिरपतच ओढ्यात जातं आणि जिवाणूंना नायट्रेट मिळतं. स्फुरदाला मात्र ही युक्ती तितकीशी लागू पडत नाही. त्याच्यासाठी माती तपासून खत द्यावं लागतं, ते पसरून न टाकता मातीत गाडावं लागतं, आणि मोठा पाऊस तोंडावर असताना पोतं उघडायचं नाही.